तीन टोपल्या बुरशी

बावीस वर्षं मी अन्न फेकून देण्याचा पगार घेतला. पानात काही टाकलं तर आई पाठीत धपाटा घालायची, अशा घरातली मी. तिला शेवटपर्यंत माझं काम सांगितलं नाही. ‘कारखान्यात तपासनीस आहे’ एवढंच सांगत राहिले, आणि ती सगळ्या शेजारणींना सांगायची की आमची शुभा जपानात साहेब आहे.

साहेब कसली! कावासाकीच्या कारखान्यांच्या भागात, स्टेशनापासून बसने वीस मिनिटांवर, एक लहानसा खाद्यपदार्थांचा कारखाना होता. चाळीस माणसं. परदेशी लोकांच्या दुकानांसाठी आम्ही पाकीटबंद जेवण करायचो. आधी फक्त भारतीय, म्हणजे राजमा, छोले, आणि ज्याला ‘बटर चिकन’ म्हणायचं धाडस मालकच करू जाणे, ते. मी लागले तेव्हा माझी इरा शाळेत जायला लागली होती, हे दिवसभर ऑफिसात, आणि मला घरात भिंती खायला उठत होत्या. पार्ट-टाइम म्हणून गेले ते मसाल्याची चव बघायला. चार वर्षांत परीक्षा देऊन स्वच्छताप्रमुख झाले. तांबे हे आडनाव जपान्यांच्या तोंडात इतकं बेमालूम बसतं, की ‘तांबे-सान’ म्हणून कोणी शोधत आलं की समोर मला बघून दोन क्षण गोंधळायचं.

काम काय, ते सांगते, कारण लोकांना वाटतं स्वच्छता म्हणजे फडकं मारणं. सकाळी दारात उभं राहून प्रत्येकाच्या अंगावरून चिकट रोलर फिरवायचा, एक केस जाता कामा नये. हात कोपरापर्यंत धुवायचे. अंगठी, कानातलं, घड्याळ, सगळं काढायचं. पहिल्या दिवशी मला मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये ठेवायला सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले होते. पुढे हे गेल्यावर लॉकर रिकामाच राहायला लागला, आणि तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं नाही. शिजलेल्या प्रत्येक पदार्थाच्या पोटात थर्मामीटर खुपसायचा, पंचाहत्तर अंश, एक मिनिट. प्रत्येक पदार्थातला पन्नास ग्रॅम भाग पिशवीत घालून दोन आठवडे गोठवून ठेवायचा, म्हणजे कुठे कुणाचं पोट बिघडलंच तर दाखवता येतं. आणि ज्याचा संशय येईल ते फेकायचं. विचारत बसायचं नाही. फेकलं की वहीत लिहायचं, काय, किती, का, आणि खाली शिक्का. माझा शिक्का लाल शाईचा, मध्ये ‘तांबे’. तो मारताना मला, खोटं कशाला बोलू, मजा यायची.

बावीस वर्षांत आमच्या मालाने एकाचंही पोट दुखलं नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

सहा-सात वर्षांपूर्वी मालकांच्या लक्षात आलं, की आजूबाजूच्या कारखान्यांत, बांधकामांवर, शेतांत सगळीकडे व्हिएतनामी मुलंमुली दिसतायत. मालकांना जपानीत ‘शाचो’ म्हणतात. आमचे शाचो मोरिता-सान, सत्तरीचे, बुटके, कायम घाईत. ते म्हणाले, ‘ह्या लोकांना घरचं खायला कोण घालतं?’ मग त्यांनी व्हिएतनामी विभाग काढला. त्यात चार बायका, आणि त्यांची मुख्य लान.

लानचा प्रांत न्घे-आन. नुसता ‘न्घे’ नाही, सुरुवातीला नाकातला ङ. पाटीवर गिरवून झाल्यावर जन्मात कधी कामाला न आलेलं ते अक्षर मला पन्नाशी उलटल्यावर कामाला आलं: ङे-आन. गरीब, दगडधोंड्यांचा, वादळांचा प्रांत, असं ती सांगायची. उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरांवरून झळा येतात आणि पावसाळ्यात पूर. जे पिकेल ते मिठात घालून पुरवून खायचं. म्हणून तिकडचे सगळे नामांकित पदार्थ म्हणजे खरं तर टिकवण्याच्या युक्त्या. कोवळा फणस बारीक चिरून, मीठ लावून आंबवतात, त्याला ‘न्युत’ म्हणतात. आवळ्याएवढी पांढरी वांगी मिठाच्या पाण्यात घालतात आणि ती कुडूम कुडूम आवाज करत भाताबरोबर खातात. शेजारच्या प्रांतातली ‘कू-डो’ म्हणजे गुळाची काकवी, आलं आणि शेंगदाणे, तिळाच्या दोन पापडांमध्ये थापलेले. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हटलं, ही तर चिक्की! पण चिक्की कटकन मोडते आणि ही दाताला धरून ओढायची.

त्या कू-डोवरूनच आमचं जमलं, म्हणजे जितकं जमलं तितकं. शाचोंनी पाकासाठी डिजिटल थर्मामीटर आणला होता. लान त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. वाटीत गार पाणी घ्यायची, त्यात पाकाचा थेंब टाकायची आणि बोटाने त्याची गोळी वळते का बघायची. मी काचेच्या केबिनमधून उठून थेट कढईपाशी गेले. ‘माझी आई असंच करायची,’ मी म्हटलं. आम्ही जपानीत बोलायचो, दोघींचंही मोडकंच. ती म्हणाली, ‘मग तुमच्या आईला पाक येत होता.’ बाकीचं जग थर्मामीटर घेऊन बसलंय, असा तिचा एकूण आविर्भाव होता. मी नियमाप्रमाणे थर्मामीटर खुपसला आणि आकडा वहीत लिहिला. आकडा बरोबरच होता.

तिच्याकडे वडिलांच्या बहिणीला ‘ओ’ म्हणतात. मला ती ‘ओ तांबे’ म्हणायची, म्हणजे तांबेआत्या. सुरुवातीचे काही दिवस मला कळेना, ही मला हाक मारतेय की माझ्या हाकेला ओ देतेय.

आणि तिचा चहा. तो सांगितल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. तिच्या गावाकडे ताज्या चहाची पानं, वाळवलेली नाही, झाडावरून खुडलेली, हाताने चुरगाळून मोठ्या भांड्यात उकळतात. हिरवागार, कडवट काढा. तो एकटीने प्यायचा नसतो. ज्या घरी चहा उकळला त्या घरची बाई अंगणात उभी राहून शेजारच्या सगळ्या घरांना नावं घेऊन हाका मारते. या हो, चहा प्यायला या! आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. कोणी कामात असलं तरी हातातलं टाकून येतं, पाच मिनिटं उकिडवं बसतं, वाटीभर पितं, आणि जातं. बोलावणं आलं आणि गेलं नाही, असं होत नाही.

लानने हे आमच्या कारखान्यात सुरू केलं. शिझुओकाकडच्या कुठल्याशा मळ्यातून तिला पानांची पिशवी टपालाने यायची. दुपारी तीनच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत ती मोठा टोप उकळायची आणि दारात येऊन खणखणीत आवाजात सगळ्यांना हाका मारायची. जपानी कारखान्यात हाका! तिथे शिंक आली तर माणसं माफी मागतात. विश्रांतीच्या खोलीत प्रत्येक जण आपापला डबा आणि फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेला. पहिल्यांदा सगळे दचकले. मग तिच्या विभागातल्या बायका आल्या, मग पॅकिंगचे दोन जपानी म्हातारे, मग एक दिवस खुद्द शाचो.

मी सोडून सगळे. शेवटची हाक माझी असायची, ‘ओ तांबेऽऽ!’ आणि मी काचेतूनच हात हलवायचे: काम आहे. काम काही नसायचं. मी माझी पोळीभाजी त्या केबिनमध्ये एकटीच खात आलेय, पहिल्या वर्षी कोणीतरी डब्याच्या वासावरून नाक मुरडलं तेव्हापासून. सवय झाली. तिथे जाऊन बसायचं, काय बोलायचं, कुणाशी? हे गेलेले, इरा लग्न करून कोबेला. तिचा नवरा जपानी, फोनवर मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते. टोकियोतल्या निशी-कसाईला आपली माणसं आहेत, पण ती तासाभराच्या अंतरावर आणि वर्षातून एकदा गणपतीला. कावासाकीत आठवडेच्या आठवडे असे गेलेत, की मी तोंडाने उच्चारलेलं सगळं बोलणं म्हणजे थर्मामीटरचे आकडे. हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे. तरीही मी उठले नाही. दोन वर्षं ती रोज हाक मारत राहिली आणि मी रोज हात हलवत राहिले. बाई थकायची नाही.

एक गिऱ्हाईक होतं, गुन्मा जिल्ह्यात काम करणारा एक वेल्डर, लानच्याच प्रांतातला. दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, की तुमच्या कू-डोत आलं कमी आहे. लान त्याच्याशी चाळीस चाळीस मिनिटं बोलायची. मी एकदा टोकलं, ‘कामाच्या वेळात? आल्याबद्दल इतकं काय बोलायचं असतं?’ ती म्हणाली, ‘आलं बरोबर आहे, ओ. त्याला ते माहीत आहे. त्याच्या कारखान्यात आमच्याकडची बोली बोलणारं कोणी नाही.’ मी त्या तक्रारीवर ‘निकाली’ असा शिक्का मारला.

आता तुअंगचं सांगते.

तुअंग म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं पातळसर, तपकिरी कालवण. उकडलेली पालेभाजी, उकडलेलं मांस, टोफू, काहीही त्यात बुडवून खायचं. ङे-आनमधल्या एका तालुक्याचं तुअंग त्या देशात प्रसिद्ध आहे, आणि लानचं आजोळ तिथलं. करायची रीत अशी. चिकट तांदळाचा भात शिजवायचा, पसरट टोपल्यांत घालायचा, पानांनी झाकायचा आणि उबेत ठेवायचा, आठ-दहा दिवस. दुसरीकडे सोयाबीन भाजून, भरडून, उकळून बरणीत भिजत घालायचं. मग दोन्ही मिठाबरोबर एकत्र करून बरणी उन्हात ठेवायची. रोज सकाळी ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. महिना, दीड महिना. लोणच्याच्या बरणीचं जितकं करतो तितकं सगळं, आणि वर आणखी.

त्या वर्षी विभाग तोट्यात होता. शाचोंनी लानला बोलावून साफ सांगितलं, ‘व्हिएतनामी दुकानवाल्यांची एक मोठी साखळी आहे. ते म्हणतात, सगळे तेच ते करतात. तुमच्याकडे असं काय आहे जे दुसरीकडे नाही? डिसेंबरात ते चव बघायला येतील. त्यांनी तुझं तुअंग घेतलं तर विभाग राहील आणि तुझा करार वाढेल. नाहीतर मार्चअखेर बंद.’ करार संपला की लानला परत जायचं. तिला परत जायचं नव्हतं. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि हे सगळं बोलणं झालं तेव्हा मी दहा दिवसांच्या रजेवर कोबेला, इराकडे. माझ्या पाठीमागे लानने शाचोंची परवानगी घेऊन बॉयलरमागच्या जुन्या कोठीत भात घातला. तिथे ऊब होती. परवानगी तोंडी. दारावर पाटी नाही, टोपल्यांवर चिठ्ठी नाही.

मी रजेवरून एक दिवस आधी आले. कोबेत जमेना. जावई भला आहे, पण मी खोलीत गेले की दोघंही आवाज बारीक करायचे. सोमवारी आरोग्य खात्याची तपासणी होती, तेवढंच निमित्त. रविवारी, कारखाना बंद असताना, माझ्याकडच्या किल्लीने मी आत शिरले. सगळं फिरून बघितलं. शेवटी कोठी. दार उघडलं तर तीन टोपल्या. वर केळीची पानं, आणि पानं उचलली तर खाली भातावर बोटभर पिवळीजर्द बुरशी.

अहो, बुरशी! आपल्याकडे पावाच्या कोपऱ्यावर ठिपका दिसला तर अख्खा पाव जातो. मी, जिने बावीस वर्षांत एक केस बाहेर जाऊ दिला नाही, माझ्या कारखान्यात उद्या तपासणी आणि इथे तीन टोपल्या बुरशी! वास चांगला गोडसर येत होता. नाकाला ते कळलं, डोक्याला कळलं नाही. केळीची पानं बघून तरी हात थांबायला हवा होता. कचऱ्यात कोणी केळीची पानं पसरतं का? पण माझा हात चालू झाला की थांबत नाही. दोन पिशव्यांत भरलं, ओल्या कचऱ्यात टाकलं, टोपल्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवल्या, कोठी पुसली. वहीत लिहिलं: भात, चिठ्ठी नसलेला, बुरशी, तीन टोपल्या, फेकला. शिक्का. घरी जाऊन मस्त झोपले.

सोमवारी लान कोठीत गेली आणि लगेच बाहेर आली. मी आरडाओरडा अपेक्षित धरला असता, पण ती एवढंच म्हणाली, ‘भात नाही.’ शाचो धावले. मला म्हणाले, ‘तांबे-सान, तुम्ही आजच आलात, तुम्हाला कल्पना नसेल,’ आणि मग सगळं सांगितलं: तुअंग, दुकानवाले, मार्च. आणि म्हणाले, ‘आमचं मिसो काय, सोया सॉस काय, सगळं ह्याच बुरशीवर. ती टोपली बघून मला माझ्या आजीची आठवण झाली होती.’

जपानात आल्यापासून मी रोज सकाळी मिसोचं सूप पीत होते. ते कशाचं होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. ‘शाचो, ते मी फेकलं.’ तोंड उघडलं नाही. त्यांच्या हिशेबी मी रविवारी कोबेलाच होते. ते स्वतःच म्हणाले, ‘शनिवारी सफाई कंपनीची माणसं आली होती, त्यांनीच फेकलं असणार.’ आणि मी मूग गिळून उभी राहिले. परक्या देशात एवढ्या वर्षांनी कमावलेली एकच गोष्ट होती माझ्याकडे, की तांबे-सान चुकत नाही.

मंगळवारी सफाई कंपनीची दोन माणसं सुटाबुटात आली, हातात मिठाईचा खोका. आपल्याकडून झालं की नाही ह्याचा वाद न घालता कमरेत वाकून माफी मागितली. इथे अशीच रीत आहे. त्यांना चहा मीच दिला. खोका सगळ्यांत वाटला, त्यातली एक मिठाई मी खाल्लीसुद्धा. आत गोड पुरण होतं.

वहीचं पान फाडता आलं असतं. ते मात्र माझ्याच्याने झालं नाही. पानांवर क्रमांक छापलेले असतात. खोटं बोलायला माझी ना नव्हती, पण वही खराब करायची नव्हती! वही केबिनमध्ये फळीवरच राहिली. आरोग्य खात्याच्या तपासनिसाशिवाय ती कोण वाचतं, आणि तो सोमवारी घाईत होता.

त्या मंगळवारी दुपारी तीनला हाक आली, ‘ओ तांबेऽऽ!’ नेहमीसारखीच, तसूभर कमी नाही. मी उठले आणि गेले. लानने वाटी भरून पुढे केली. कडू, तुरट, जीभ आखडून गेली. ‘कसा आहे?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘भयंकर.’ ती हसली. भात गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसू.

मग मी रोज जायला लागले. काय तोंडाने नाही म्हणणार होते? तिने पुन्हा भात घातला. ह्या वेळी मी कोठीच्या दारावर स्वतःच्या हाताने ही मोठी पाटी लावली. पण ऑक्टोबर संपत आलेला, उबेतसुद्धा बुरशी रडतखडत, दुप्पट दिवस लावून धरली. बरणी गच्चीवर ठेवली. कावासाकीचं थंडीतलं ऊन म्हणजे नुसता उजेड. मी जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन बरणी उन्हामागे सरकवायचे, सकाळी ह्या कोपऱ्यात, दुपारी त्या. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचे, आई बांधायची तसा. लान म्हणाली, ‘तुमच्याकडे पण करतात?’ मी तिला लोणचं, मुरांबा, सांडगे, सगळं सांगितलं. माझ्या तोंडाला कुलूप होतं ते निघालं. इतकी बडबड मी कित्येक वर्षांत केली नव्हती. तीन ते सव्वातीन. दिवसभर मी त्या पंधरा मिनिटांकडे डोळे लावून बसायचे, आणि त्याच पंधरा मिनिटांत मला स्वतःची शरम वाटायची. दोन्ही एकदम.

एकदा चहाला आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, ‘लान, तुला परत का जायचं नाही? आई आहे ना तिथे?’

ती म्हणाली, ‘मी नवऱ्याला सोडून माहेरी आले, ओ. त्याने मारलं म्हणून. गावाला ते आवडलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, भांडलं नाही. फक्त चहाला हाक मारायचं बंद केलं. शेजारच्या अंगणात टोप उकळतोय, वास येतोय, एकेकीचं नाव घेतलं जातंय. आईचं नाव यायचं. माझं यायचं नाही. दीड वर्ष मी घरात बसून ती नावं ऐकली. मग इथे आले.’

मग माझी वाटी पुन्हा भरत म्हणाली, ‘इथे मीच हाक मारते. म्हणजे वाट बघावी लागत नाही.’

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हाही नाही सांगितलं. आता नुसत्या नोकरीची भीती नव्हती. मला वाटलं, सांगितलं तर उद्या तीनला हाक येणार नाही.

डिसेंबरात दुकानवाले आले. दोघं. त्यातला वयस्कर माणूस ङे-आनचाच निघाला, आणि मला वाटलं, झालं, जिंकलो. त्याने टोफूचा तुकडा बुडवून खाल्ला. दुसरा खाल्ला. डोळे मिटून बसला. मग लानशी त्यांच्या भाषेत हळू बोलला. ती मान हलवत राहिली. नंतर मला म्हणाली, ‘तो म्हणतो, हात बरोबर आहे, पण बरणी कच्ची आहे. तीन आठवडे कमी पडले.’ माणूस खरं बोलत होता. तीन आठवडेच कमी पडले होते, माझे.

विभाग मार्चअखेर बंद झाला. शाचोंना वाईट वाटलं, त्यांनी लानसाठी दोन ठिकाणी शब्द टाकून बघितला. जमलं नाही. गच्चीवरची बरणी थंडीभर तशीच थिजून राहिली आणि ऊन तापल्यावर जूनमध्ये पिकली. मी एकटीने उघडली, भेंडी उकडून त्याबरोबर खाल्लं. फार सुरेख झालं होतं. ते मी कुणाला वाटलं नाही, विकायला ठेवलं नाही, आणि, नोंद म्हणून सांगते, फेकलंही नाही. संपेपर्यंत खाल्लं. त्याच वर्षी मी नोकरी सोडली.

लान गेली त्या दिवशी मी कावासाकी स्टेशनवर विमानतळाच्या बसपर्यंत तिच्याबरोबर गेले होते. दुपारची वेळ. तिची एक बॅग आणि एक पिशवी. बसला बारा मिनिटं होती. रांगेत आमच्यापुढे एक कुटुंब, मागे कोणी नाही. मला कळून चुकलं, की आता नाही तर कधीच नाही.

मी म्हटलं, ‘लान, तो भात मी फेकला. सफाईवाल्यांनी नाही. रविवारी मी आले होते. मला ठाऊक नव्हतं काय आहे ते. पण नंतर ठाऊक झालं आणि मी बोलले नाही.’

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘माहीत आहे, ओ.’

‘कधीपासून?’

‘त्या सोमवारपासूनच. मी थर्मामीटर ठेवायला तुमच्या केबिनमध्ये आले. वही उघडी होती. भात, बुरशी, तीन, एवढं मला वाचता येतं. आणि तुमचा शिक्का.’

म्हणजे सफाईवाले येऊन वाकले तेव्हा तिला माहीत होतं. मंगळवारी हाक मारली तेव्हा माहीत होतं. मी बरणी उन्हामागे सरकवत होते, दादरे बांधत होते, लोणच्याच्या गोष्टी सांगत होते, त्या सबंध हिवाळ्यात तिला माहीत होतं.

‘अगं, मग बोलली का नाहीस? शाचोंना सांगितलं असतंस तर त्यांनी दुकानवाल्यांकडून मुदत मागून घेतली असती. चूक कंपनीची झाली असती. तू राहिली असतीस!’

‘कदाचित,’ ती म्हणाली. तिने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. ‘पण मग तुम्ही चहाला आला नसतात.’

मी तिची बॅग रांगेत पुढे सरकवली.

‘दोन वर्षं बोलावत होते,’ ती म्हणाली. ‘सगळे आले. तुम्ही त्या काचेमागे एकट्याच बसायचा. मला ते बघवायचं नाही. मी बसले होते ना तशी.’

बस आली. इथे बस वेळेवर येते. ड्रायव्हरने उतरून बॅग बसच्या पोटात टाकली, वाकून नमस्कार केला, आणि ती चढली. गावात तिला आता कोणी हाक मारेल का, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. खिडकीशी बसून तिने हात हलवला. मी काचेच्या ह्या बाजूने हलवला.